दोन फुटी रूळ : राजवाडा, चंबळ आणि आमची माडी

आमच्या लष्करातल्या घरी गणपती पाच दिवसांचा. आरास दरवर्षी वेगळी करायची, हा आमच्या अण्णांच्या वेळेपासूनचा रिवाज. कधी गोणपाटाचा डोंगर, कधी आरशाचे तळे, कधी ग्वाल्हेरचा किल्ला. आणि आरास कोणतीही असो, चौरंगाभोवती फिरणारी किल्लीची आगगाडी त्यात असायचीच. अण्णा नॅरोगेजवर गार्ड होते. गाडीवाचून आरास त्यांना अळणी वाटे.

गेली तीन वर्षे मात्र आमच्याकडे आराशीत एकच देखावा आहे. माडीवर वर्षभर उभी असलेली ग्वाल्हेर-श्योपूर लाइनीची छोटी प्रतिकृती गणपतीत खाली येते आणि दर्शनाला येणारी मंडळी प्रसाद हातात घेऊन गाडी बघत बसतात. पहिल्या वर्षी माझ्या नातवाने सर्वांसमक्ष विचारले, "आजोबा, ही गाडी खरीच होती, की तुम्ही मनाने केलीत?" सगळे हसले. मला हसू आले नाही. ज्या गाडीवर आमचे घर चालले, ती आमच्याच घरातल्या मुलाला काल्पनिक वाटावी, याचे वाईट वाटले. त्या दिवशी त्याला जे पुरते सांगता आले नाही, ते या अंकात लिहीत आहे.

मराठी संस्थाने आणि रूळ

आपण बृहन्महाराष्ट्रातली माणसे आपल्या संस्थानांची वाडे, देवळे, गवई आणि आखाडे यांसाठी आठवण काढतो. रुळांचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक या बाबतीत मराठी संस्थानिक मागे नव्हते. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम अशी सुमारे २० मैलांची अडीच फुटी लाइन टाकली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. पहिल्यांदा तिच्यावर बैल डबे ओढीत. १८६३ साली ग्लासगोच्या नील्सन कंपनीची छोटी इंजिने आली, पण रूळ इतके हलके होते की इंजिनांचा भार त्यांना रोज सोसेना. पुन्हा बैल जुंपले. १८७३ साली भारी रूळ घातले आणि १८८० च्या सुमारास इंजिने नेमाने धावू लागली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची, व्याज साडेचार टक्के!

ग्वाल्हेरची गोष्ट निराळी आहे. जयाजीराव शिंद्यांच्या काळातच, १८८१ साली, आग्र्याहून मोठी रेल्वे ग्वाल्हेरला पोचली होती. १८८६ साली माधवराव शिंदे गादीवर आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पूर्ण अधिकार त्यांना १८९४ साली मिळाले. यंत्रांचे, त्यातही इंजिनांचे, त्यांना विलक्षण वेड. १८९३ ते १८९५ या काळात राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीचे रूळ पडले. म्हणजे काम सुरू झाले तेव्हा महाराज सोळा-सतरा वर्षांचे होते आणि राज्याचा कारभारही अजून हाती आला नव्हता. घरच्या आवारात रूळ टाकून गाडी फिरवण्याची हौस पुष्कळांना असते. यांच्यापाशी आवार मोठे होते, इतकाच काय तो फरक.

पण ही हौस आवारात थांबली नाही. तेच दोन फुटी रूळ कुंपणाबाहेर पडले. एक फाटा भिंडकडे गेला, दुसरा शिवपुरीकडे. १८९९ साली लॉर्ड कर्झनच्या हस्ते या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे रीतसर उद्‌घाटन झाले. तिसरा फाटा १९०४ साली जौरा-अलापूरवरून सबलगढला आणि १९०९ साली थेट श्योपूरला पोचला. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटर. दोन फुटी रुळांवर एवढा लांबचा प्रवास जगात फार थोड्या ठिकाणी होता.

चांदीची गाडी

राजवाड्यातही एक गाडी राहिलीच. जयविलासच्या संग्रहालयात गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे. लांबलचक जेवणाचे मेज, त्यावर रूळ आणि त्यांवर चांदीचे इंजिन व डबे. ही गाडी विलायतेतल्या नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या नामांकित खेळणी-रेल्वे कारखान्याची. एकेका डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर, ती जुळवली की शिंद्यांचे नाव होते. विजेवर चालणारी ही गाडी जेवणानंतर पाहुण्यांपुढून मद्य आणि सिगार घेऊन फिरे. कोणी काचेची सुरई उचलली की ती थांबे. सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे.

तिच्याविषयी एक कथा सांगतात. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकातही ती आहे. व्हाइसरॉयच्या मेजवानीच्या रात्री विजेच्या तारा कुठेतरी बिनसल्या, गाडी भरधाव सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा उडवीत गेली. कथेत मीठमसाला किती, देव जाणे. पण ज्याने घरी विजेची गाडी चालवली आहे, तो तिला अशक्य म्हणणार नाही.

लहानपणी शाळेची सहल राजवाड्यात गेली, तेव्हा चांदीची गाडी पाहून मी घरी येऊन अण्णांना विचारले होते, "तुमची गाडी चांगली की ही?" अण्णा म्हणाले, "ती एका मेजाभोवती फिरते. आमची श्योपूरला जाते."

अण्णांची लाइन

१९४२ साली ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे नाव सिंधिया स्टेट रेल्वे झाले. अण्णा नोकरीला लागले ते याच नावाखाली. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली. टोपीवरचा बिल्ला बदलला, रूळ तेच राहिले. घोसीपुरा, मोतीझील, बानमोर गाव, सुमावली, जौरा-अलापूर, कैलारस, सबलगढ, बीरपूर, श्योपूर ही स्टेशनांची नावे आम्हां भावंडांना पाढ्यांसारखी पाठ होती. गाडीला पुरते अंतर कापायला दहा-अकरा तास लागत. चंबळच्या खोऱ्यातली ती वस्ती. पक्के रस्ते फार उशिरा आले. धान्याची पोती, दुधाच्या कासंड्या, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी, माहेरवाशिणी, ग्वाल्हेरच्या दवाखान्यात निघालेले आजारी, सगळे याच गाडीत.

अण्णांच्या पेटीत लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, शिट्टी आणि नियमांचे पुस्तक असे. एकेरी मार्गाचा मुख्य नियम त्यांनी आम्हांला जेवताना वाटी आणि चमचा मांडून शिकवला होता. दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याखेरीज आणि ती परवानगी ड्रायव्हरच्या हातात पडल्याखेरीज चाक हलवायचे नाही. मग गाडी कितीही लहान असो आणि उशीर कितीही झालेला असो.

एका नियमापुढे मात्र अण्णांनी हात टेकले होते. या गाडीच्या छतावर माणसे बसत. पाच-दहा नव्हे, छत दिसू नये इतकी. अण्णा प्रत्येक स्टेशनात उतरून ओरडत, "नीचे उतरो!" माणसे उतरत, गाडी सुटली की पुन्हा चढत. घरी आले की त्यांचा आवाज बसलेला असे.

वाफेची इंजिने गेली आणि चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली एन.डी.एम.-५ ही डिझेल इंजिने आली. शिवपुरीचा छोटा मार्ग केव्हाच बंद झाला होता. पुढे भिंडचा ब्रॉडगेज झाला. श्योपूरची गाडी मात्र चालत राहिली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ती थांबली ती कायमची. त्या मार्गावर आता टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज येत आहे. ते यायलाच हवे होते. तिथल्या लोकांनी अकरा तास का बसून राहावे? पण ज्या गाडीला निरोपाचा हारही मिळाला नाही, तिचे काहीतरी घरात असावे असे मला वाटले. अण्णा त्याआधीच गेले होते.

घरातल्या रेल्वेचा इतिहास

प्रतिकृती करायची म्हणून मी वाचू लागलो, तेव्हा कळले की घरातल्या रेल्वेलाही स्वतःचा इतिहास आहे. १८९१ साली जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले. तोवर प्रत्येक खेळणेवाल्याचे माप वेगळे असे. एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. मापे ठरली आणि मुलांना दरवर्षी आपल्या रेल्वेत थोडी थोडी भर घालता येऊ लागली. विलायतेत फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीच्या गाड्या काढल्या. त्यांचे माप 'झीरो' म्हणजे ३२ मिलिमीटर. घरे लहान होत गेली तशी गाडीही लहान झाली. १९२२ साली बिंग कंपनीने मेजावर मावेल अशी १६.५ मिलिमीटर रुळांची गाडी आणली आणि १९३८ साली हॉर्नबींच्या कंपनीने त्याच मापाची 'डब्लो'.

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा एक विचार. नुसती गोल फिरणारी गाडी चार फेऱ्यांत कंटाळवाणी होते. मोठे जंक्शन घरात मावत नाही. मग घरात काय मावते? फाटा! शेवटचे एक छोटे स्टेशन, दोन-तीन रूळ, मालधक्का, आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या उभ्या करायची जागा. पडद्याआडचे ते रूळ म्हणजे उरलेले सारे जग. गाडी तिथून 'येते', इंजिन सुटते, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागते, आणि वेळापत्रकाप्रमाणे परत 'जाते'. जागा कमी, डबे कमी, पण काम खरे.

इंग्लंडमधले पीटर डेनी नावाचे पाद्री या विद्येतले थोर गृहस्थ. त्यांनी युद्धानंतर घरात 'बकिंगहॅम ब्रँच' बांधायला घेतली. गाव खरे, पण तिथे जाणारा त्यांनी बांधला तो फाटा काल्पनिक, आणि काळ १९०७ च्या सुमाराचा. इंजिने, डबे, स्टेशने हातांनी केलेली, आणि गाड्या घंटांच्या खुणांवर, वेळापत्रकाप्रमाणे चालत. मुलगा क्रिस्पिन मदतीला असे. तो नसेल तेव्हा त्याचे काम करणारे एक यंत्रच त्यांनी बनवले आणि नाव ठेवले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. हे वाचून मी खूप हसलो. आमच्याही घरात मुले परगावी गेली की हे यंत्र लागणारच होते.

आपल्याकडे फार लांब जायला नको. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी हयातभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा.

आमच्या माडीवरचा फाटा

पहिला प्रश्न मापाचा. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. बाजारात ३२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. ६१० ला ३२ ने भागले की १९ येतात. म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या एकोणिसाव्या हिश्शाची केली की रूळ जवळजवळ बिनचूक बसतात. (बार्शी लाइट रेल्वे किंवा यवतमाळची शकुंतला कोणाला करायची असेल तर त्यांचे रूळ अडीच फुटी. त्यांना ९ मिलिमीटरचे रूळ आणि ८७ वा हिस्सा हे गणित छान जुळते.) आमची माडी १४ फुटांची. एकोणीस पटीने ती २६६ फूट होते. एवढ्यात सबलगढ मावणार नव्हते. म्हणून एक छोटे स्टेशन, एक बाजूचा रूळ, एक लिंबाचे झाड आणि पडद्याआड बाकीची चंबळ.

पहिल्या वर्षी फजिती झाली. प्लायवुडचा पाट खालून आधार न देता ठेवला होता. तो श्रावणात फुगला, रूळ वाकले, गाडी दर फेरीला त्याच जागी घसरू लागली. मग सागाच्या पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर पाट बसवला. दुसरी चूक वळणाची. जागा वाचवायला वळण फार आवळले, तर लांब डबा त्यात येईना. वळण सैल केले, स्टेशन दोन बोटे आखूड केले. तिसरा त्रास पावसाळी हवेचा. विजेची गाडी रुळांतून वीज घेते. दमट हवेत आणि आमच्या लष्करातल्या धुळीत रुळांवर मळ धरतो आणि गाडी आचके देऊ लागते. रोज रूळ पुसून कंटाळलो. शेवटी मालडब्यात बॅटरी ठेवून तिची तार इंजिनाला जोडली. आता रूळ नुसते वाट दाखवतात.

भूमी करण्याची विद्या मात्र कोणत्याही पुस्तकातून घ्यावी लागली नाही. दिवाळीचा किल्ला केलेल्या हातांना ती येतेच. विटांचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, वरून चाळलेली माती. सुकताना मातीला भेगा पडतात. एरवी आपण त्या लिंपतो. इथे तशाच ठेवल्या, कारण चंबळच्या बीहडांचा आकार तोच आहे.

गाडी चालते ती अण्णांच्या नियमाने. नातू इकडच्या टोकाला, मी पडद्याआड. त्याने घंटी दोनदा वाजवायची, मी परत दोनदा वाजवली की लाइन क्लिअर. पितळेची एक अंगठी म्हणजे परवानगी. ती इंजिनाशेजारच्या खिळ्यात अडकवल्याशिवाय कळ दाबायची नाही. पहिल्या आठवड्यात त्याला याचा कंटाळा आला. मग एकदा माझ्या चुकीने दोन इंजिने समोरासमोर आदळली, तेव्हापासून तोच मला अंगठीची आठवण करतो.

छत रिकामे का?

मागच्या वर्षी गणपतीत आमचा दूधवाला दर्शनाला आला. मूळचा कैलारसकडचा. हात जोडले, प्रसाद घेतला आणि गाडीसमोर उकिडवा बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबूजी, गाड़ी तो वही है. पर छत खाली क्यों है?"

लहानपणी तो चुलत्याबरोबर छतावर बसून ग्वाल्हेरला आला होता. आईच्या औषधासाठी. आत जागा नव्हती आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्यासारखे आईचे दुखणे नव्हते. बोलता बोलता त्याने छतावर कोण कुठे बसे, पोती कुठे ठेवत, झाडाची फांदी आली की पुढचा कसा ओरडे, हे सगळे सांगितले.

मला उत्तर सुचेना. मी गार्डाचा मुलगा. मी केलेली गाडी ही अण्णांना जशी हवी होती तशी होती. छत मोकळे, झेंडा हातात, वेळ बरोबर. तशी ती एकही दिवस चालली नसेल. महाराजांनी ती हौसेने घातली, अण्णांनी ती नियमाने चालवली आणि या माणसाने तिच्यावर जीव मुठीत धरून प्रवास केला. माझ्या देखाव्यात पहिले दोघे होते, तिसरा नव्हता.

त्याच संध्याकाळी नातवाने दिवाळीच्या पेटीतले मावळे काढून डब्यांच्या टपावर बसवले. ढाल-तलवारी घेतलेले मावळे श्योपूर पॅसेंजरच्या छतावर पाहून हसून पुरेवाट झाली. पण माप बरोबर होते. एकोणिसाव्या हिश्शाचा माणूस उभा केला तर साडेतीन इंच होतो. मग आम्ही दोघांनी शाडूच्या उरलेल्या मातीची माणसे केली. मुंडाशातला म्हातारा, पोत्यावर बसलेला शेतकरी, कासंडी धरलेला एक, आणि चुलत्याला बिलगून बसलेला एक मुलगा. तो मुलगा दूधवाल्याला दाखवला. त्याने तो तळहातावर घेतला आणि म्हणाला, "मैं तो इधर, इंजन की तरफ बैठा था." आम्ही जागा बदलली.

गार्डाच्या डब्यापाशी अण्णांची मातीची आकृती आहे. एक हात वर, तोंड उघडे. नातवाला विचारले, हे काय करतायत? तो म्हणाला, "नीचे उतरो म्हणतायत. पण कोणी ऐकत नाहीये."

यंदा त्याने पुन्हा विचारलेले नाही की गाडी खरी होती का. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला तोच सांगतो.

वाचकांना एकच विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या लाइनीवर काम केलेली किंवा प्रवास केलेली माणसे आहेत. जुने तिकीट, एखादा फोटो, एखादी आठवण असेल तर मुलांच्या हाती द्या, आणि आमच्या गणपतीला या. गाडी संध्याकाळच्या आरतीनंतर सुटते. वेळेवर सुटते. छतावर अजून थोडी जागा आहे.